काही ठिकाणी बर्फ

थिनलेसने फोन डोक्याच्या वर धरला, हळूहळू डावीकडे वळवला आणि खाली आणून पाहिला. पडद्यावरचे चक्र अजून फिरतच होते. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या लाल खडकावर चढून टाचा उंचावल्या, की एरवी दोन काड्या रेंज मिळे. आज एकच होती, तीही येऊन-जाऊन. त्याने फोन पुन्हा वर केला. हात अवघडला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

अखेर मजकूर उघडला. आठवड्याचा हवामान अंदाज. सुरुवातीला हवा कोरडी, आकाश निरभ्र. गुरुवारपासून पश्चिमी झंझावाताचा प्रभाव. काही ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, उंच भागात काही ठिकाणी बर्फ. रात्रीच्या तापमानात घट. जनावरे आणि कापलेले पीक सुरक्षित ठिकाणी हलवावे.

“काही ठिकाणी,” थिनलेस मोठ्याने म्हणाला. “गावाचं नाव घ्यायला काय जातं यांचं?”

खडकावर ऐकायला कुणी नव्हते. आकाशात ढगाची चिंधीसुद्धा नव्हती. उन्हात पाठ भाजत होती आणि खडकाच्या सावलीत पाय गार पडत होते. सप्टेंबर लागला की असेच असते. खाली सुमडोक गाव दिसत होते. सगळी शेते कापून झाली होती, नुसती धसकटे उरली होती. खळ्यांवर मळणी चालू होती, भुशाचे पिवळे लोट उठत होते. मधोमध एकच तुकडा उभा होता आणि तोही पुरता पिवळा नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्या अबी झांगमोचा सातू.

थिनलेसने त्या तुकड्याकडे पाहिले आणि नजर फिरवून मागच्या डोंगराकडे नेली. तिथे, अर्ध्या दिवसाच्या चढावर, फू होते. गावाची उन्हाळी चराई. या पंधरवड्यात राखणीची पाळी त्याच्या घराची होती. पण यंदा गोबापदाची, म्हणजे गावप्रमुखाची, पाळीही त्याच्याच घरावर आली होती, आणि गोबाला गाव सोडता येत नाही. म्हणून दुखरा गुडघा घेऊन त्याची बायको डिस्कित वर गेली होती. सोबत मळणीयंत्रवाल्या उर्गेनची बहीण पाल्मो, आणि साऱ्या गावाच्या शेळ्या, मेंढ्या आणि याक-गाईच्या संकराचे झो-झोमो.

गावातल्या शेवटच्या शेतातली शेवटची पेंढी उचलली जाईपर्यंत जनावरे खाली आणायची नाहीत, हा नियम. उभ्या पिकात जनावर शिरले की काय होते, हे सुमडोकला सांगावे लागत नसे. दोन घरांचे बोलणे त्यावरून एका पिढीपूर्वी थांबले ते थांबलेच.

मठाच्या अंगणात भोंगा होता. थिनलेसने माइक हातात घेऊन दोनदा फुंकर मारली आणि अंदाज जसाच्या तसा वाचला. ‘काही ठिकाणी’ हे शब्द त्याने भरभर उरकले.

खालच्या खळ्यावरून उर्गेनचा आवाज आला. मळणीयंत्र बंद करून तो मुद्दाम ओरडत होता.

“गोबा-ले! काही ठिकाणी म्हणजे कुठे?”

“मला काय विचारतोस?”

“तुम्हीच सांगताय ना? मागच्या वर्षीपण सांगितलेलं. ओल्या पेंढ्या छपरावर चढवल्या आम्ही. बुरशी खाल्ली हिवाळाभर.”

खळ्यावर हशा पिकला. मागच्या वर्षी गोबा दुसरा होता, हे थिनलेसने सांगितले नाही. सांगून उपयोग नव्हता. त्याने माइक ठेवला आणि खळ्यावर उतरला. उर्गेनच्या भुवयांवर भुसा बसला होता.

“ऐक,” थिनलेस आवाज उतरवून म्हणाला. “एकच शेत राहिलंय. जनावरं वरच्या वाटेनं आणली, मठामागून, तर त्या शेताला शिवायचीपण नाहीत. मी स्वतः पुढे चालतो.”

उर्गेनने यंत्राच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडे गमतीने पाहिले.

“जुलैत माझा झो कुणाच्या वाटाण्यात शिरला होता?”

“तो वेगळा विषय.”

“वेगळा कसा? तीन तोंडं मारली असतील त्यानं. मला एकट्याला अख्खा पाट उपसायला लावलात. नियम म्हणजे नियम म्हणालात, मठाच्या अंगणात. आणि आता बायको वर अडकली की मठामागची वाट?”

“तुझी बहीणपण वरच आहे.”

“म्हणून तर म्हणतो, म्हातारीचं शेत कापा. नियमपण राहील, बायकोपण येईल.” त्याने दांडा फिरवला आणि यंत्र धडधडू लागले. पुढचे तो काय बोलला ते ऐकू आले नाही, पण खळ्यावरच्या बाया पुन्हा हसल्या.

दुपारी पाल्मो स्वतःच खाली आली. पाठीवरच्या टोपलीत लोणी होते आणि ओठ उन्हाने फुटले होते. थिनलेसच्या दारात तिने टोपली टेकवली, पाणी मागितले आणि पिऊन झाल्यावर म्हणाली, “सकाळी ओढ्यावर बर्फाचा पापुद्रा असतो आता. दगड मारून फोडावा लागतो.”

“डिस्कितचा गुडघा?”

“सुजलाय. शेळ्या वळवायला मीच धावते. ती बसून शिव्या घालते.”

“शेळ्यांना?”

“शेळ्यांना पण.” पाल्मोने बाहीने तोंड पुसले. “निरोप दिलाय तिनं. म्हणाली, गोबाला सांग, जनावरांना गावाचे नियम कळत नाहीत. सकाळी गोठ्यातून सोडली की खाली तोंड करून उभी राहतात. चरत नाहीत. मार्मोटसुद्धा बिळात गेले, म्हणाली, त्यांना कुणी भोंग्यावरून सांगितलं नव्हतं.”

 पाल्मोची नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीशी बोचकी रांगेने ठेवलेली होती, सुतळीने आवळून बांधलेली. तो दारात थोडा सरकून उभा राहिला. पाल्मोने टोपली उचलली. उद्या पहाटे ती परत वर जाणार होती.

अबी झांगमोचे घर त्याच्या घराला लागूनच. ती छपरावर बसून जर्दाळूच्या बिया फोडत होती. दगडावर बी उभी धरायची, दुसऱ्या दगडाने एकच टोला, आतला गर एका वाटीत, टरफल दुसऱ्या. तिने त्याला येताना पाहिले होते, तरी दोन बिया आणखी फोडल्या.

“अबी-ले, शेत.”

“आधी चहा घे.”

“चहा नको. गुरुवारपासून हवा बिघडणार आहे.”

“ऐकलं. तुझा भोंगा माझ्याच खिडकीकडे तोंड करून आहे.”

“मग उद्या कापायचं. सगळं गाव येतं. सकाळी सुरू केलं तर दुपारच्या चहाला संपेल.”

“हिरवा आहे अजून. बघितलास का कडेनं?”

“मागच्या आठवड्यातही तुम्ही हिरवा म्हणालात. त्याआधी दिवस चांगला नाही म्हणालात. मी लामांना विचारून आलो, सगळे दिवस चांगले निघाले. मग विळ्याची मूठ तुटली म्हणालात. मूठ बसवून दिली.”

“चांगली बसवलीस,” अबी म्हणाली. “जरा जाड आहे.”

थिनलेसने नाकातून श्वास सोडला.

“आणि घरच्या माणसानं पहिली मूठ कापायची असते,” ती पुढे म्हणाली. “स्तोबदन यायचाय लेहहून. त्याच्या हातानं कापू. पोरानं आजीच्या शेतात एक विळा तरी चालवावा.”

“तुम्ही आहात की घरच्या.”

“माझी कंबर बघ.” तिने आणखी एक बी दगडावर उभी केली. लहानपणापासून ती त्याला नोनो, म्हणजे धाकटा, म्हणे. “नोनो, इतकी घाई कसली रे तुला? गोबाची पाळी संपायला अजून वेळ आहे.”

त्याने पुढे बरेच काही सांगितले. डिस्कितचा गुडघा, ओढ्यावरचा बर्फ, जनावरांत तिच्याही दोन झोमो आहेत हे. अबी मान हलवत राहिली. मान हलवणे म्हणजे होकार नव्हे, हे त्याला अर्ध्या वाटेत समजले. जिना उतरताना वरून टोल्याचा आवाज नेमाने येत होता.

संध्याकाळी तो पुन्हा लाल खडकावर चढला आणि स्तोबदनला फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला. पलीकडे लेहच्या बाजारातली गर्दी ऐकू येत होती.

“गोबा-ले! सगळं ठीक?”

“तू कधी येणार कापणीला?”

“या महिन्याच्या शेवटी. अबीनंच सांगितलं ना.”

“काय सांगितलं?”

“की यंदा सातू उशिरा आहे, इतक्यात येऊ नको, कामं बुडवू नको. मी तर गेल्या रविवारीच निघत होतो. गाडीपण ठरवली होती.” तो थांबला. “का? तिला बरं नाही का?”

“तिला अगदी बरं आहे,” थिनलेस म्हणाला. “आम्हाला नाही.”

आणखी काही बोलण्याआधी रेंज गेली. त्याने फोन खिशात टाकला, आणि खडकावरून उतरताना वाटेतला एक दगड इतक्या जोराने लाथाडला की अंगठा ठणकू लागला. पश्चिमेच्या कड्यावर एक बारीक पांढरी रेघ आली होती. ती ढगाची होती की विमानाने सोडलेली, हे त्याला ठरवता आले नाही.

मंगळवारी उजाडताच तो विळा घेऊन तिच्या शेताकडे निघाला. तिला विचारायचे नाही. मधोमध एक मूठ कापायची, ओंब्या तिच्या मांडीवर नेऊन टाकायच्या आणि म्हणायचे, दाखवा कुठे हिरवा आहे. एवढे ठरवूनच त्याने बांध ओलांडला. आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला.

तो तसाच उभा राहिला. कापणीच्या दिवसांत सुमडोकमध्ये चिखल कुठेच नसतो. सातूची पाने पिवळी पडू लागली की शेताचे पाणी तोडतात. मग माती तडकते, ताठे कडक होतात, ओंब्या खाली वाकतात. गावातल्या साऱ्या शेतांचे पाणी कधीच तोडले गेले होते. आता कुणालाच पाण्याची गरज नव्हती, म्हणून पाटाकडे कुणाचे लक्षही नव्हते. थिनलेसने वाकून माती चिमटीत घेतली. गार, मऊ, कालच्या किंवा परवाच्या पाण्याची. ताठ्यांची खालची पेरे हिरवीगार होती.

त्याने बोट पुसले आणि पाण्याच्या मागाने वर चालत गेला. मुख्य पाटातून शेतात जिथे फाटा फुटतो, तिथले तोंड उघडे होते. ते बुजवण्यासाठी असलेले गवताचे ढेकूळ आणि त्यावरचा चपटा दगड नीट उचलून बाजूला ठेवलेले होते. घाईत फेकलेले नव्हते. पुन्हा बसवता यावे अशा बेताने ठेवलेले होते. शेजारी रबरी बुटांचे ठसे होते. लहान, एकमेकांजवळ पडलेले, आणि दर पावलाशी काठीचे भोक.

“इतक्या लवकर उठलास?”

अबी बांधावर उभी होती. बूट चिखलाने भरलेले, काठी हातात.

“पाणी कुणी सोडलं?”

“पाणी उतारानं येतं, नोनो.”

“दगड उतारानं बाजूला होत नाही, अबी-ले.” त्याचा आवाज चढला. “दारं धरायला मला तुम्ही शिकवलंत. इथेच. पिकल्यावर पाणी दिलं म्हणून माझ्या बापाला चारचौघांत बोलला होतात तुम्ही. आणि आता स्वतःचा सातू स्वतः नासवताय? वर माझी बायको लंगडत शेळ्यांमागे फिरतेय. परवा बर्फ पडला तर सगळ्या गावाची जनावरं जातील. तुमच्या झोमोसकट! स्तोबदनला येऊ नको म्हणालात, मला म्हणालात तो यायचाय. चाललंय काय?”

अबीने काठी बांधात रोवली आणि तिच्या आधाराने हळूच खाली बसली. श्वास लागला होता, तो तिने आधी बसू दिला.

“डिस्कितची मशीन परत कधी येणार?”

“कसली मशीन?”

“शिलाईची. घोंगडीत गुंडाळून कॅम्पर गाडीत चढवलीस ती.”

 “दुरुस्तीला दिलीय.”

“बरोबर पितळी भांडी होती. तीपण बिघडली होती का?”

थिनलेसने बुटाचा चिखल बांधावर पुसला.

“आणि रजया. बाई गं, म्हटलं, रजयांना काय झालं असेल?” ती हसली नाही. “मशीन गेली त्या दिवशी डिस्कित बाहेर आली नाही. चुलीपाशी बसून होती. मी ताक द्यायला आले तर म्हणाली, धुरानं डोळे चुरचुरतायत. चूल विझलेली होती.”

पाटातले पाणी उघड्या तोंडाशी हलकेच वळून शेतात शिरत होते. थिनलेसने विळा या हातातून त्या हातात घेतला.

“तिच्या गुडघ्यासाठीच चाललोय,” तो म्हणाला. “लेहला दवाखाना आहे. पोरगी तिथेच शिकते. हिवाळ्यापुरतं.”

“हिवाळ्यापुरतं जाणारा पितळ नेत नाही.”

“सांगणार होतो मी. जनावरं उतरल्यावर.”

“तेच ना.” अबीने बुटावरचा चिखल काठीने खरवडला. “एका देवाला मानणारी आपली चार घरं, नोनो. वरच्या घराला कुलूप आहे. पलीकडचे दोन वर्षं झाली, आले नाहीत. देवाच्या पूजेलापण फोन करून सांगतात, आमच्या वाटची धूप लाव म्हणून. तिसरं माझं, चौथं तुझं. माणूस गेलं की घरच्यांनी हात लावायचा नाही, देवाच्या घरांनी उचलायचं. स्तोबदन घरचा. त्याला चालत नाही.” ती थांबली. “मग तू लेहहून टॅक्सी करून येणार का मला उचलायला? खिंडीत बर्फ असताना?”

“असं बोलू नका.”

“बरं. हिवाळ्यात मरायचं नाही असं ठरवते.”

तिने नजर शेतावरून फिरवली. ऊन नुकतेच कड्यावरून उतरून ओंब्यांच्या टोकांवर आले होते.

“हे उभं आहे तोवर कुणाची गाडी हलत नाही,” ती म्हणाली. “एवढंच.”

थिनलेसला खूप काही बोलायचे होते. रात्रभर जुळवलेली वाक्ये होती, कडक, गोबाला शोभणारी. त्यांतले एकही जागेवर सापडेना, आणि त्याचाच त्याला सगळ्यांत जास्त राग आला. तो पाटाच्या तोंडाशी गेला. गवताचे ढेकूळ उचलून तोंडात बसवले, वर चपटा दगड ठेवला आणि टाचेने दाबत राहिला. शेतात जाणारे पाणी आधी बारीक झाले, मग थांबले. तरी तो दाबतच होता.

“फुटेल तो दगड,” अबी म्हणाली.

“उद्या सकाळी माणसं घेऊन येतो.”

“ओला आहे.”

“वाळवू.”

“कुठे? माझं छप्पर खचलंय एका अंगानं.”

“माझ्या,” थिनलेस म्हणाला.

अबीने त्याच्याकडे पाहिले. तो तोंड धुवायला पाटावर वाकला होता.

बुधवारी सारे गाव त्या एका तुकड्यात उतरले. उर्गेनने मळणीयंत्र बंद ठेवले आणि पहिल्या पावलालाच चिखलात बसकण मारली.

“गोबा-ले, काही ठिकाणी पाऊस पडून गेलाय वाटतं!”

“पाटाचं तोंड फुटलं होतं,” थिनलेस म्हणाला. अबीकडे त्याने पाहिले नाही.

“मग उपसायला कुणाला लावणार? माझा झो तर वर आहे.”

“तू उपस. तुला सवय आहे.”

या वेळी हशा उर्गेनवर झाला आणि तोही हसला. पहिली मूठ अबीनेच कापली. नव्या मुठीचा विळा तिला खरेच जाड होत होता. पूर्वेकडून ओळ धरून लोक पुढे सरकले, गाणे सुरू झाले, मध्येच कुणीतरी चुकीचे कडवे उचलले म्हणून भांडण झाले, पुन्हा सुरू झाले. आकाश दुपारपर्यंत निळेच होते. “कुठाय तुमचा बर्फ, गोबा-ले?” कुणीतरी म्हणाले. मग चहाच्या वेळी वारा पडला, आणि पश्चिमेच्या कड्यावरून एक राखाडी कड हळूहळू वर येऊ लागली. त्यानंतर कुणी चेष्टा केली नाही. हात भराभर चालू लागले.

ओल्या पेंढ्या पाठीवर घेऊन बाया थिनलेसच्या छपरावर चढवत होत्या. निम्मा दाणा दुधातच होता. पीठ थोडे होईल, बाकी जनावरांना. थिनलेस शेवटची पेंढी आवळत असताना अबी त्याच्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात ओंब्यांची एक लहान जुडी होती. पहिली मूठ.

“तुमच्या खांबाला बांधायची ना ही?” तो म्हणाला.

“माझ्यापुरत्या ठेवल्यात. ही तुझी. यंदा तुझा खांब रिकामा आहे. सोमवारी पाल्मोला दारातून दिसलं.”

दर वर्षी कापणीच्या पहिल्या ओंब्या स्वयंपाकघराच्या मधल्या खांबाला बांधतात, जुन्यांच्या वर नव्या. यंदा थिनलेसने बांधल्या नव्हत्या. ज्या घरात राहायचे नाही तिथे कशाला, असे त्याने मनाशीदेखील स्पष्ट म्हटले नव्हते. नुसतेच राहून गेले होते. त्याने जुडी घेतली आणि काय करावे न सुचून कोटाच्या आत खोचली. ओलावा सदऱ्यातून छातीला लागला.

गुरुवारी उजाडायच्या आधीच तो आणि उर्गेन वर निघाले. अर्ध्या चढावर आले तेव्हा समोरची शिखरे दिसेनाशी झाली होती. फूवर डिस्कित आणि पाल्मोने जनावरे केव्हाच गोठ्याबाहेर काढली होती. डिस्कित दगडावर बसली होती, गुडघ्याला लोकरीची पट्टी आवळलेली.

“आलास?” ती म्हणाली. “मला वाटलं भोंग्यावरूनच बोलावशील.”

“सगळी मोजलीस?”

“मोजली. एक शेळी जास्त भरली. कुणीतरी नशीबवान आहे.”

त्याने तिला झोवर बसवले. ती नको म्हणाली, मग बसली. जनावरांना हाकावे लागलेच नाही. वाट मोकळी झाली तशी ती आपणहून उतरू लागली. पहिल्या वळणावर बर्फ सुरू झाला. आधी कोरडा, तांदळाच्या कणीसारखा, मेंढ्यांच्या पाठीवरून घरंगळणारा. मग दाट आणि ओला. मागे वळून पाहिले तर फू नव्हतेच, नुसते पांढरे होते. पुढे चालणारा उर्गेन थांबला, टोपीवरचा बर्फ झटकला आणि ओरडला,

“गोबा-ले! काही ठिकाणी सापडलं!”

थिनलेसला हसू आले, पण तोंड इतके गारठले होते की ते बाहेर पडले नाही.

गावात नुसता पाऊस होता, गार आणि तिरपा. घराघरांतून माणसे पोती डोक्यावर घेऊन बाहेर आली आणि आपापली जनावरे ओळखून घेऊन गेली. अबीच्या दोन झोमो सरळ तिच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ती त्यांना आत घेताना काहीतरी बडबडत होती. डिस्कितने झोवरून उतरताना थिनलेसच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि लंगडत आत गेली.

थिनलेसने चूल पेटवली. छपरावर पसरलेल्या पेंढ्या त्याने जाण्यापूर्वीच ताडपत्रीने झाकल्या होत्या. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

“वर काय आहे?” डिस्कितने विचारले.

“अबीचा सातू.”

“आपल्या छपरावर?”

“तिचं खचलंय.”

“तो वाळायला किती दिवस लागतील?”

“ऊन पडलं तर…” तो म्हणाला आणि थांबला.

डिस्कितने त्याचा ओला कोट चुलीजवळ वाळत घालायला घेतला. झटकताच जुडी खाली पडली. ओंब्या चुरगळल्या होत्या, हिरव्या-पिवळ्या, कुसळांत पाणी अडकलेले. तिने ती उचलली.  ती मधल्या खांबापाशी गेली. तिथे मागच्या वर्षांच्या ओंब्या धुराने काळ्या होऊन लटकत होत्या, एकावर एक, तिच्या लग्नाच्या वर्षापासूनच्या. तिने नवी जुडी त्यांच्यावर धरून पाहिली आणि दुसऱ्या हाताने फळीवर चाचपले. मग खिडकीच्या कोनाड्यात.

“सुतळी कुठाय?”

थिनलेसने भिंतीकडे पाहिले. घरातली होती-नव्हती ती सगळी सुतळी बोचक्यांना लागली होती.

डिस्कितनेही तिकडेच पाहिले. जुडी दातांत धरून, गुडघा हाताने दाबत ती सर्वांत मोठ्या बोचक्यापाशी खाली बसली आणि गाठीला नखे लावली. गाठ थिनलेसनेच मारली होती, प्रवासात सुटू नये म्हणून ओली करून. ती हलेना.  थिनलेस कोनाड्यातला विळा घेऊन पुढे झाला.

डिस्कितने जुडी तोंडातून काढली.

“कापू नकोस,” ती म्हणाली. “सुटेल.”